तोंड दिसेल असा बंपर

२ फेब्रुवारी, रविवार

बायकोने चहाबरोबर बातमी दिली. तिच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एकदाचं ठरलं, अठरा तारखेला. इतकी वर्षं घाबरून टाळत होते. नंतर विश्रांतीला आपल्याकडेच येणार. पट्टी काढली की सगळ्यात आधी आपली गाडी बघायची आहे, असं म्हणाले म्हणे.

आनंद झाला. मग गॅरेजमध्ये जाऊन गाडी पाहिली. आनंद कमी झाला.

सासऱ्यांची ही जुनी, लांबलचक गाडी. दिसेनासं झालं तेव्हा किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले होते, बंपरच्या क्रोमकडे तेवढं लक्ष द्या, बाकी सगळा पत्रा आहे. तेव्हापासून दर रविवारी जेवण झाल्यावर मी गॅरेजमध्ये जातो, दार लावून घेतो आणि मेहनत करतो. मेहनतीआधी माणसाने मागच्या सीटवर जरा पाठ टेकली तर बिघडलं कुठे? सीट उत्तम आहे. ते फोनवर विचारतात, बंपर कसा आहे? मी सांगतो, तोंड दिसतं त्यात. घरी येऊन गाडीवर हात फिरवायला लागले की मी तो हात धरून अलगद टपावर नेऊन ठेवतो. टप खरोखरच छान राहिला आहे.

आज पुढच्या बंपरमध्ये तोंड पाहिलं. देवीचे व्रण असलेल्या कुणा माणसाचं दिसलं.

संकल्प: उद्यापासून रोज पहाटे पाचला उठून एक तास क्रोम. दोन आठवडे हातात आहेत. भरपूर झाले.

३ फेब्रुवारी, सोमवार

पाचला उठलो. बाहेर दव होतं. दमट हवेने गंज वाढतो, तेव्हा पहाटे गॅरेजचं दार उघडणं शास्त्राला धरून नाही. परत झोपलो. तरी दिवसभर दमल्यासारखं वाटत होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळ

ऑफिसातून आल्यावर क्रोम या विषयावर तीन व्हिडिओ पाहिले. अर्धं काम झाल्यातच जमा.

९ फेब्रुवारी, रविवार

आज खरंच सुरुवात. पोळ्या गुंडाळायची चांदीसारखी फॉइल घ्यायची, चुरगळायची, पाण्यात बुडवायची आणि गंजावर घासायची. चॉकलेटी चिखल निघतो आणि खालून लखलखीत क्रोम वर येतो. विश्वास बसेना. टीचभर भाग असा चमकला की मी बायकोला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, छान, पण हे काळे ठिपके? मी म्हटलं, ते जातील. तिने विचारलं, माझी फॉइल संपवलीत का? मी म्हटलं, ती परत येईल.

दुपारपर्यंत गंज गेला. ठिपके गेले नाहीत. उलट आजूबाजूला चकाकी आल्यामुळे ते उठून दिसायला लागले. गुडघे गेले. पाठ राहिली आहे, पण नावाला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

क्रोम चढवून देणाऱ्या प्लेटिंगवाल्याला फोन केला. माणूस तुसडा. माझं पुरतं ऐकूनही न घेता म्हणाला, ते ठिपके नाहीत, खड्डे आहेत. आतला धातू खाल्ला गेलाय, घासून खड्डा जात नसतो. बंपर सोडवून आणा, सगळं उतरवून नव्याने चढवावं लागेल, नंबर तीन महिन्यांनी लागेल. तोवर मेण लावा आणि हात लावू नका. पॉलिश पेपरने तर मुळीच घासू नका, क्रोम निघून खालचे थर उघडे पडतील.

मी म्हटलं, विचार करून कळवतो. या लोकांचा धंदाच घाबरवण्यावर चालतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बायको म्हणते, बाबांना सरळ सांगून टाका, ते काही तुम्हाला खाणार नाहीत. मी तिला समजावलं की ऑपरेशनच्या तोंडावर म्हाताऱ्या माणसाला धक्का देणं बरं नव्हे. तिने विचारलं, नेमका धक्का कुणाला बसणार आहे? मला तेवढ्यात एक महत्त्वाचं काम आठवलं.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. भीती वाटते. ऑफिसात साहेब आणि घरात बायको, दोघांनाही माझा पुरेसा अनुभव आहे. हा माणूस हातात घेतलेलं काम नीट करतो, असं मानणारा जगात एकच माणूस उरला आहे. त्याला आता दिसायला लागणार आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पॉलिश पेपर आणला. अगदी बारीक. प्लेटिंगवाल्याच्या डोळ्यांसमोर जाडा पेपर असणार.

एका कोपऱ्यावर प्रयोग केला. ठिपके फिके झाले! आणि घासता घासता खालून पिवळसर, सोनेरी झाक आली. मूळ माल किती भारी होता बघा. चांदीखाली सोनं. बायकोला बोलावलं. ती बघून तशीच आत गेली. थक्क झाली असावी.

१६ फेब्रुवारी, रविवार

कोपरा सोनेरी आणि बाकीचा पांढरा हे बरं दिसेना, म्हणून सगळीकडे सारखं करायला घेतलं. सोनेरीखाली तांबडं लागलं. तांबड्याखाली एका जागी राखाडी. आता बंपर चार रंगांत आहे आणि त्यातले मोठे खड्डे जिथल्या तिथे आहेत.

प्लेटिंगवाल्याने याची कल्पना दिली होती, पण फोनवर त्याचा आवाज नीट येत नव्हता.

आज मागच्या सीटवर पडलो, पण झोप लागली नाही. असं पहिल्यांदाच झालं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ऑपरेशन झालं. झकास, असं डॉक्टर म्हणाले. सासरे डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते. माझा आवाज ऐकताच हात पुढे केला आणि पहिला प्रश्न, बंपर कसा आहे? मी म्हटलं, तोंड दिसतं. त्यांनी माझा हात दाबला. पट्टीखाली हसले.

परत येताना दुकानातून चंदेरी रंगाचा स्प्रे घेतला. दुकानदार म्हणाला, फाटकाला एकदम बेस्ट. मी त्याला जास्त खोलात नेलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार. दुपार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून स्प्रे मारला. अप्रतिम! हे पहिल्याच दिवशी का सुचलं नाही? उगाच दोन आठवडे हाडं मोडून घेतली. धूळ बसू नये म्हणून वर वर्तमानपत्र पसरून ठेवलं आहे.

तोच दिवस. संध्याकाळ

रंग वाळला नव्हता. कागद चिकटला. ओढून काढला तर काही रंग कागदाबरोबर आला आणि काही कागद रंगाबरोबर राहिला. मधोमध ‘दुकान भाड्याने देणे आहे’ ही जाहिरात उमटली आहे. उलटी असल्याने चटकन वाचता येत नाही, हे नशीब.

सासरे उद्या पट्टी काढून थेट इकडेच येणार. गाडी जागची हलवता येणार नाही, बॅटरी केव्हाच मेली आहे. गॅरेजमधला बल्ब काढून ठेवला. खबरदारी म्हणून.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आले. काळा चष्मा लावून, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून, तडक गॅरेजमध्ये. मी म्हटलं, आधी चहा घ्या. म्हणाले, नको. इथे अंधार आहे म्हणाले आणि स्वतःच दाराचा दुसरा पल्ला ढकलून उघडला. सगळं ऊन बंपरवर आलं.

चष्मा काढला. गुडघ्यावर हात टेकून वाकले. बराच वेळ तसेच. बायको माझ्याकडे बघत होती, मी टपाकडे.

मग उभे राहिले आणि म्हणाले, डॉक्टर म्हणतात वेळ लागेल, अजून सगळं धूसर आहे हो. काहीतरी चमकतंय एवढं कळतं. चांगलं ठेवलंय तुम्ही. माझ्या खांद्यावर थोपटलं आणि चहाला गेले.

वाचलो! नजर यायला अजून वेळ आहे, तोवर प्लेटिंगवाल्याचा नंबर लागेल. सगळं कसं जुळून येतंय. बायकोला म्हटलंसुद्धा, बिचाऱ्या बाबांना अजून दिसत नाही, पण माणसाने धीर सोडू नये. तिने पापड जरा जोरात मोडला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळ

गॅलरीत सासऱ्यांबरोबर चहा. बंपरबद्दल अवाक्षर नाही. मीच विचारलं, आज कसं काय दिसतंय? ते माझ्याकडे वळले. जरा पुढे झुकले. माझ्या कानाच्या मागच्या बाजूला रव्याच्या कणाएवढा चंदेरी ठिपका वाळून बसला होता. आंघोळीत मला सापडला नव्हता, आरशातही दिसला नव्हता. तो त्यांनी नखाने हळूच काढला आणि बशीच्या कडेला पुसला.

म्हणाले, धूसरच आहे हो अजून.

मी म्हटलं, हो.

ते रस्त्याकडे बघत चहा पीत राहिले.