चौथ्या मोसमाचा तंबू

रविवार, २६ जून १९८३

"मोसम तीन असतात, कोकिळाबाई!" असं म्हणून भैयाजींनी कलकत्त्याहून मागवलेला, 'चार मोसमांचा तंबू' असं छापलेला कॅटलॉग सतरंजीवरून माझ्याकडे ढकलला. हाताने नाही — काठीने! "उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. तुमच्या कलकत्तेवाल्यानं चौथा कुठून काढला?" सगळे खो खो हसले. कांताही हसली, मेली. माझ्याच शाळेत शिकवते, माझ्याच सोबत यायची आहे, आणि हसते!

चौथा मोसम म्हणजे बर्फ, महाराज! ऑक्टोबरात आपण हिमालयातली तेरा हजार फुटांवरची खिंड ओलांडायला निघालो आहोत, आर्वीच्या बाजाराला नाही. पण सांगणार कोणाला? भ्रमण मंडळाचे अध्यक्ष ते. आयुष्यात एक देवीची टेकडी चढले, तीही डोलीत बसून.

आणि बाबांनी मला साफ सांगून ठेवलंय — "भैयाजी संगं असतीन तरच जाजो." म्हणजे त्यांना दुखावलं की माझं जाणं संपलं. दिवाळीनंतर मला बघायला पाहुणे येणार. एकदा लग्न झालं की कुठला हिमालय! जायचं तर याच वर्षी. म्हणून गप्प बसले. अजून चीड चीड होतेय.

मंगळवार, २८ जून

ओमप्रकाशचं तोंड पाहावंसं वाटत नाही. बँकेत आहे, मंडळाचा चिटणीस आहे. अख्खा महिना आम्ही दोघं त्या कॅटलॉगवर डोकी घालून बसलो होतो. सगळ्यात हलका तंबू एकपदरी — आपल्याच श्वासाची वाफ आत धरतो आणि पहाटे अंगावर टपकतो. शिवाय खालून उघडा, बर्फाचा वारा सरळ कुशीत! दुसरा दुपदरी, उतरत्या छपराचा, बर्फ साचायला जागाच नाही. तळ शिवलेला, काठ्या अॅल्युमिनियमच्या. किलोभर जास्त, पण पाठीवर घेऊन माणूस चालू शकतो. दोघांपुरता एक, म्हणून दोन घ्यायचे — एक आम्हा बायकांना, एक पुरुषांना. ओमप्रकाशने स्वतःच्या हाताने खूण केली होती!

आणि परवा सभेत म्हणतो काय, "भैयाजी म्हणतात त्यातही तथ्य आहे." थू!

भैयाजींचं तथ्य असं — "वर्धा जिल्ह्यात एवढा कापूस पिकते, अन् आपण काय प्लास्टिकात निजाव? खादीचा तंबू शिवू!" एकच, मोठा. मधात पडदा. इकडे बायका, तिकडे पुरुष. टाळ्याच टाळ्या.

रविवार, १० जुलै

शाळेच्या मैदानावर खादीचा तंबू उभा केला. बांबूंवर! बारशाला पाहुणे बसवायचा मांडव जसा. भैयाजी आत मांडी घालून बसले. "पाहा, हवा कशी खेळून राह्यली!"

खेळली हवा. मग पाऊस आला. खादीने पाणी पिऊन घेतलं आणि मग सगळं आमच्या डोक्यावर सोडलं. मधला पडदाही गळायला लागला. कापूस तोलायच्या काट्यावर नेऊन ठेवला, तर ओला तंबू माझ्यापेक्षा जड भरला! ओमप्रकाश म्हणतो, "मॅडम, तुमचंच वजन कमी आहे." याला खिंडीतून ढकलून द्यावं.

आता तरी शहाणे होतील म्हटलं. छे! "जवसाचं तेल लावू. आमच्या लहानपणी बैलबंडीवरच्या ताडपत्रीले तेच लावत होते. थेंब जात नव्हता आत."

सोमवार, २५ जुलै

तेल लावलं. बादलीभर. झाडूने, हाताने, चिंध्यांनी. ई! तो वास! मासळी आणि जुना रंग एकत्र शिळा झाल्यासारखा. कापड वाळता वाळत नाही, बोट लावलं की चिकटतं. माश्या बसतात त्या उठतच नाहीत. कांता भिंतीकडे जाऊन ओकून आली. बरं झालं, हसत होती ना!

या घाणीत झोपायचं? नाकाशी पडदा, पडद्यापलीकडे भैयाजी घोरताहेत — नको गं बाई!

शनिवार, ३० जुलै

डब्यातल्या भाकरीलाही तोच वास. कुत्र्याला टाकली. त्यानेही हुंगून सोडली.

रविवार, २८ ऑगस्ट

आज तंबूची पूजा झाली. तंबूची! हळद-कुंकू, हार, नारळ. फोटो काढला. मी कोपऱ्यात उभी, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

त्याआधी भैयाजींनी आणखी एक शहाणपणा केला. कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या ओळखीच्या माणसांकडून तंबू दाबून दाबून रुईच्या गठाणीसारखा करकचून बांधून आणला — रेल्वेत जागा कमी लागते म्हणे. आणि ती गठाण ठेवली कुठे, तर स्वतःच्या देवघरात! देव उचलून ओसरीतल्या फळीवर मांडले. त्यांची बायको आनंदाबाई नाकाला पदर लावून चहा देत होती. तिला कोणी काही विचारलंही नाही. ती बोलत नाहीच कधी.

मी गठाणीला हात लावला तर कोमट! म्हटलं, "भैयाजी, हे तेल कपड्यात दाबून ठेवलं की आपोआप तापतं. मी विज्ञान शिकवते. सोडून उन्हात पसरा."

"खादी गरमच असते, बाई!"

पुन्हा हशा. शिसारी आली मला या माणसांची.

बुधवार, ७ सप्टेंबर

तंबू जळाला!!

भर दुपारी. भैयाजी देवळीला सभेला गेलते. देवघरातून धूर निघाला, शेजाऱ्यांनी बादल्या मारल्या. चौकट काळी झाली, तंबूचा कोळसा. कोणाला इजा नाही. सकाळची शाळा आटोपून मी घरी होते; ऐकलं तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर हात ठेवून हसले. हो, हसले!

संध्याकाळी हसू जिरलं. भैयाजींनी चार लोकांत विचारलं म्हणे, "देवघरात त दिवाबी नव्हता. कोकिळाबाई दुपारी कुठं होत्या?" मी! आग लावणारी! ज्याच्या नाकाखाली गठाण तापत होती तो मला विचारतो! बाबा जेवले नाहीत. "आता कुठं जाचं नाई," एवढंच बोलले.

शुक्रवार, ९ सप्टेंबर

रडून काय होणार. विज्ञानाचं पुस्तक काखेत मारलं, बाबांना सोबत घेतलं आणि भैयाजींच्या घरी गेले. सगळं सांगितलं. तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं, तापतं. पसरलेलं असलं तर ऊब निघून जाते. दाबून बांधलं की आतल्या आत वाढत जाते. "तुम्हीही हात लावला होता. गरम लागली होती ना?"

भैयाजींनी काळ्या चौकटीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे हे रेल्वेत झालं असतं. आपल्या बाकाखाली. तुम्ही पोरी वर निजलेल्या." मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला.

"मागवा तुमचे ते नायलॉनचे," म्हणाले. "माह्यं चुकलं."

बाबा वाटेत म्हणाले, "जाजो." जिंकले मी! विज्ञान जिंकलं! ओमप्रकाशला कळलं, तर लगेच म्हणतो, "मी तर आधीपासून हेच सांगत होतो."

रविवार, ११ सप्टेंबर

आज आनंदाबाई आल्या. मागच्या दाराने. इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, "तेल-बिल काई नाई वं पोरी. म्याच लावली काडी. माहे देव बाहेर काढले त्यायनं."

मग पदराशी चाळा करत, खाली बघत — "मी एक इचारू? तुमच्या बायकांच्या तंबूत तिसरं मानूस मावते काय?"

दोघींचाच आहे तो. मी म्हटलं, मावते.