हौशा-चांद्या बाजाराला गेलेत

निंबा,

उठशील तेव्हा गोठा रिकामा दिसेल. ओरडू नकोस, चोरी झालेली नाही. हौशा-चांद्याला दमणीला जुंपून मी आणि शेजारची कुंदाबाई सोनगीरच्या बाजाराला निघालो आहोत. आज बैल बघायला व्यापारी येणार, हे तू सांगितलं नाहीस तरी मला ठाऊक आहे. त्याला चहा पाज आणि सांग, बैल बाजाराला गेलेत. विकायला नव्हे, फिरायला.

लग्नानंतर तुझ्या वडिलांनी मला पहिल्यांदा त्याच बाजाराला नेलं होतं. किल्ल्याखालच्या चिंचेपाशी त्यांनी आधी बैलांना पाणी पाजलं आणि मग मला विचारलं, तहान लागली का. तेव्हा फार राग आला होता. आज मीही आधी बैलांनाच पाजणार आहे.

मोटार घेतलीस, चांगलं झालं. पण गेल्या महिन्यात ती नाल्यात बसली, तेव्हा घरी कोणी ओढून आणली? कुंदाबाई काल म्हणाली, "तुना पोऱ्या बैल इकस, मंग मोटारले कोन वढी?" तुला उत्तर सुचलं तर व्यापाऱ्याला सांग.

भाकरी शिंक्यावर आहेत, ठेचा वाटीत झाकलाय. दिवस मावळायच्या आत येऊ. आमच्यामागे मोटार घेऊन निघालासच, तर जाड दोर बरोबर ठेव आणि ती बंद पडेल तिथेच सावलीला बस. परतताना आम्ही तुम्हा दोघांनाही घेऊन येऊ.

आई