शंख ऐकून आलेले

६ जुलै
पोचलो एकदाचे! अनेस्तिसनं वीस वर्षं पिरेयस बंदरातल्या गोदीत जहाजं जोडली, आणि स्वतः जहाजात बसला की तीन तास ओकतो. असला नवरा मिरवायचा तरी कसा! पण काम छान मिळालंय. बेटावरची जुनी पवनचक्की बघायला येणाऱ्यांना ती दाखवायची, दुपारी पात्यांना शिडं बांधून थोडी फिरवायची, मग शिडं गुंडाळून ठेवायची. राहायला चक्कीखालीच दोन खोल्या. गोदी बंद पडल्यापासून हा घरात भिंतीकडे तोंड करून बसायचा. आज शिट्टी वाजवत कपाटं पुसतोय. मला एवढंच हवं होतं.

१२ जुलै
शेजारच्या झाबेताआजी नव्वदीच्या, जिभेला हाड नाही. बार्लीचे कडक पाव घेऊन आल्या आणि अनेस्तिसला म्हणाल्या, या पोटासकट चक्कीत शिरतोस तरी कसा, दार उतरवून ठेवतोस की काय? एकशेदहा किलोचा माझा गडी चक्क लाजला.

खुंटीवरचा शंख दिसला तशी मात्र त्यांची थट्टा थांबली. पूर्वी वारा जमला की चक्कीवाला शंख फुंकायचा आणि गाव धान्य घेऊन यायचं. ज्यानं बोलावलं त्यानं येईल त्या प्रत्येकाला दळून द्यायचं, ही इथली रीत. युद्धातल्या उपासमारीच्या हिवाळ्यात चक्कीवाल्यानं शंख फुंकला, माणसं आली, आणि त्यानं आतून कडी घातली. कितीतरी जण भिंतीला टेकून तिथंच गेले. दळायचं नसेल तर शंखाला हात लावू नकोस, असं आजींनी दोनदा बजावलं. अनेस्तिस हो हो म्हणाला.

१९ जुलै
हो हो म्हणणाऱ्यानं आज शंख फुंकला. पाहुण्यांना फोटो हवा होता म्हणे. टाळ्या पडल्या, स्वारी खूश. आजींनी घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. मी गेले तर दार उघडलं नाही.

२० जुलै
सकाळी चक्कीच्या दारात बार्लीची पोती, ओळीनं उभी. गावकऱ्यांनी थट्टा केली असणार, असं म्हणत अनेस्तिसनं जातं चालू केलं आणि हौसेनं सगळं दळलं. तो जेवायला आला तेवढ्यात पिठाची पोती गेली. कुणी नेली ते दिसलं नाही.

२४ जुलै
रोज नवी पोती. वारा पडतच नाही. बेकरीवाला म्हणाला, गावात आता कुणी बार्ली पेरत नाही. आज आजी आल्या. एका पोत्यावरची लाल दोऱ्याची शिवण बोटांनी चाचपली आणि रडायलाच लागल्या. त्यांच्या आईची शिवण होती ती. म्हणाल्या, दळू दे त्याला, सगळ्यांचं झालं की जातील. मला भीती वाटतेय. खरंच वाटतेय.

२७ जुलै
आज पोती रिकामी. तरी उभी, तोंडं उघडी. आजींकडे धावत गेले.

"ज्यांच्याकडे दाणा नव्हता, तेही आले होते गं," त्या म्हणाल्या.

अनेस्तिसनं चक्कीला कुलूप लावलं, शिडं काढून घरात आणली. मी दाराला खाट लावली.

२८ जुलै
पोती पिठानं भरलेली. तोंडं बांधलेली. कुलूप तसंच, शिडं माझ्या खाटेखाली.
अनेस्तिसची विजार कमरेवर राहत नाही.

३० जुलै
बंदरावर गेलो. वाऱ्यामुळे बोटी बंद, चौथा दिवस. अधिकाऱ्यापुढे हात जोडले — तो तरी काय करणार. परतताना चढावर अनेस्तिसला दम लागला. मी त्याला पाठीवर घेतलं. मी. त्याला. चढ जाणवलासुद्धा नाही.

१ ऑगस्ट
त्याच्या खांद्यावर पीठ होतं. ओल्या फडक्यानं पुसलं. खाली पीठच. आणखी पुसलं — मग थांबले. खांद्याला खळगा पडला होता. दुखत नाही म्हणतो.

दारात जाऊन ओरडले, मला घ्या, त्याला सोडा. पोती तशीच उभी. शंख मी फुंकला नव्हता ना.

३ ऑगस्ट
खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्यात. तो खुर्चीत. डाव्या बाहीत काही नाही. काल हात होता —

आवाज अगदी बारीक झालाय. कान तोंडाशी नेला.

"अर्गिरो, जमीन झाडू नकोस हं. जेवढा पडेन तेवढा गोळा करून ठेव."

सकाळीच झाडली. सवयीनं. वाटलं, चक्कीतलं पीठ पायांबरोबर आलंय. सुपलीत भरलं आणि मागच्या दारी आजींच्या कोंबड्यांना — अजून टिपताहेत, इथं ऐकू येतंय — तो विचारतोय, कुठे ठेवलंस — कसं सांगू मी त्याला, तो माझ्याकडे बघतोय आणि मी