कुलूपबंद किल्ल्याच्या स्लाइड्स

बाबा, स्पेनमधल्या त्या गावाचं नाव तुम्हाला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. तरी अमेरिकेत, नोव्हायमधल्या मराठी मंडळींच्या प्रत्येक पॉटलकला, घरोघरचे डबे आणून जेवताना, तुम्ही ते असं सांगायचात, जणू गाव तुम्हीच वसवलं होतं. आपले बाकीचे लोक सुट्टीत नायगारा नाहीतर डिस्ने करायचे आणि तुम्ही त्यांना हसायचात. "खरा देश लहान गावात असतो," हे वाक्य तुमच्या ऑफिसातल्या गोऱ्या साहेबाचं. त्याने तुमचं कौतुक करावं म्हणून त्यानेच सांगितलेल्या गावी तुम्ही आईला आणि मला घेऊन गेलात. मी तेव्हा आठवीत होते.

एक चौक, एक चर्च, चार गल्ल्या, टेकडीवर किल्ला आणि पलीकडच्या दरीत धबधबा. हे सगळं तुम्हाला एका दिवसात 'कव्हर' करायचं होतं. चढ लागल्यावर साडीखाली स्पोर्ट्स शूज घातलेली आई मागे पडायला लागली. "तू बस खालीच. तुला दगडधोंड्यांतलं काय कळणार?" तुम्ही म्हणालात. ती चौकातल्या बाकावर जाऊन बसली. आपण दोघं धापा टाकत वर पोचलो, तर किल्ल्याला कुलूप. राखणदार जेवायला गेलाय, उन्हं उतरल्यावर येईल, असं एका शेळ्यावाल्याने हातवारे करून सांगितलं. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. तुम्ही दाराच्या गजांना नाक लावलंत आणि आतला न दिसणारा दरबार मला गाइडबुकातून वाचून दाखवलात. कमानी कशा, छत कसं, राजा कुठे बसायचा. शेळ्यावाला तुमच्याकडे बघत राहिला. मीही.

खाली आलो तर बाक रिकामा. "हिला एका जागी बसवत नाही," म्हणत तुम्ही गल्ल्या पालथ्या घालत होतात, तेवढ्यात एका घरातून आईचं हसू ऐकू आलं. एका म्हाताऱ्या बाईने तिला उन्हातून आत बोलावलं होतं. दोघी जणी भाजलेल्या वांग्यांची आणि ढोबळ्या मिरच्यांची सालं काढत होत्या. आई मराठीत बोलतेय, बाई स्पॅनिशमध्ये, आणि दोघींचं झकास चाललंय. "अगं, हे तर भरीतच की!" आई मला म्हणाली. तुम्ही उंबऱ्यातूनच घड्याळावर बोट आपटलंत. "चल, धबधबा राहिलाय."

"तुम्ही जाऊन या. मी इथे जेवणार आहे."

तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आईने तुम्हाला नाही म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. बहुतेक तुम्हीही नव्हतं. रागारागात तुम्ही मला दरीत नेलंत. धबधबा ठणठणीत कोरडा होता. तुम्ही त्या कातळाचेसुद्धा फोटो काढलेत.

थंडी पडल्यावर तुम्ही पॉटलकच्या सगळ्यांना सहलीच्या स्लाइड्स बघायला आपल्या बेसमेंटमध्ये बोलावलंत. पडद्यावर किल्ल्याचा दरबार झळकला, अगदी आतून. मला माहीत होतं, त्या स्लाइड्स तुम्ही चौकातल्या दुकानातून विकत घेतल्या होत्या. "काय लायटिंग पकडलंय, यार!" एक काका म्हणाले आणि तुम्ही मान तुकवलीत. मग एका काकूंनी विचारलं, "वहिनी एकाही फोटोत कशा नाहीत?"

"ती खाली सावलीत बसली होती. तिला असल्या गोष्टींत इंटरेस्ट नाही."

आई चहाचा ट्रे घेऊन जिन्यात उभी होती. काकूंनी तिलाच विचारलं, "मग तुम्ही काय केलंत दिवसभर?" ती सांगायला लागली: ते स्वयंपाकघर, ती बाई, नवरा गेल्याचं तिने खुणांनी सांगितलं ते, पानात घातलेलं ऑलिव्हचं तेल. आधी काकू उठल्या, मग मावश्या, मग काकालोकही कप घेऊन वर किचनमध्ये गेले. तुम्ही अंधारात कोरडा कातळ दाखवत राहिलात आणि सोफ्यावर एक आजोबा घोरत होते. मला इतका आनंद झाला होता, की अजून आठवला तरी बरं वाटतं.

त्याच हिवाळ्यात आईने कम्युनिटी कॉलेजात स्पॅनिशचा क्लास लावला. "आता काय, टोमॅटो विकायला बसणार?" तुम्ही म्हणालात. तिला सोडायला जायचं तुम्ही नाकारलंत, म्हणून ती बर्फात ड्रायव्हिंग शिकली. पुढे ती हॉस्पिटलात दुभाषी झाली. तुमच्या शेवटच्या आजारपणात तुमच्या खोलीतल्या नर्सशी ती स्पॅनिशमध्ये बोलायची आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करायचात. हे काही मी विसरणार नाही, बाबा, आणि माफ करायची मला घाईही नाही.

पण त्या स्लाइड्सच्या रात्री सगळे गेल्यावर मी कप गोळा करायला खाली आले, तेव्हा तुम्ही पडदा गुंडाळत होतात. माझ्याकडे न बघता विचारलंत, "तुला तरी आवडलं होतं ना ते गाव?" मी खांदे उडवले. "इट वॉज ओके." तुम्ही "हं" म्हणालात आणि दिवा घालवलात.

आवडलं होतं. खूप. हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही.