चारपैकी चार सुरक्षित

बीड,
मंगळवार, १९ एप्रिल २०१६

तीर्थरूप दाजी अर्जुनराव यांच्या पायांशी धाकटा मेहुणा गहिनीनाथ याचा दंडवत. सध्या ते पाय नेमके कुठे आहेत (दूध संघात, सूतगिरणीच्या बैठकीत की मोसंबीच्या बागेत) ते कळायला मार्ग नाही. म्हणून दंडवत घराच्या पत्त्यावर टाकतो आहे, ताईने तो तुमच्या हाती द्यावा. तुमची शुगर कशी आहे? गुडघा काय म्हणतो? केसरताईचा खोकला थांबला का? मी खुशाल आहे. आजकाल खुशाल असण्याचाच मला पगार मिळतो. सहा दिवस तुम्हाला फोन लावतोय, पण फोन ताई उचलते आणि दाजी अंघोळीला गेलेत म्हणते. या दुष्काळात सलग सहा दिवस अंघोळ करणारे गृहस्थ तालुक्यात एवढे एकच असतील, म्हणून शेवटी कागद घेतला.

आधी तुमचे आभार मानतो, कारण ही नोकरी तुमच्यामुळेच लागली. विलायतेतली एक संस्था दुष्काळात पाणी वाटायला बीडला आली आणि तिने सुरक्षा अधिकारी पाहिजे अशी जाहिरात दिली, तेव्हा मी तुमच्या सहकारी सूतगिरणीवर पंधरा वर्षं पहारा केल्याचा दाखला जोडला. दाखला तुम्हीच चेअरमनच्या सहीने दिला होता, आणि त्यात लिहिलं होतं की माझ्या कारकिर्दीत गिरणीत एकही अनुचित प्रकार घडला नाही. खरंच घडला नाही. पायाभरणीचा दगड आणि मी, एवढेच तिथे होतो. ज्या गिरणीत एक हात सूत निघालं नाही, तिथून चोर नेणार काय? (फाटक गेलं. पण ते तुम्हीच ट्रॅक्टर पाठवून वेल्डिंगला नेलं होतं, म्हणून मी चोरीत धरलं नाही. पुढची दोन वर्षं मी फाटक नसलेल्या जागेचं फाटक राखत बसलो होतो.) संस्थेचे मुख्य हेंड्रिक साहेब तो दाखला वाचून फार प्रभावित झाले. पंधरा वर्षांत शून्य घटना, असा माणूस त्यांना जगात कुठे भेटला नव्हता म्हणे.

मग मला दोनशे पानांचं नियमांचं पुस्तक दिलं. ते कुठल्यातरी लढाईच्या मुलखासाठी लिहिलेलं होतं, फक्त वरचं नाव बदलून बीड केलं होतं. बाहेर कुठे बसलं तर पाठ भिंतीला आणि तोंड दाराला पाहिजे, असा त्यात एक नियम आहे. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर आम्ही सहा जण जेवायला थांबलो आणि सहाही जण एकाच भिंतीला पाठ लावून ओळीने बसलो, तेव्हा वाढप्याला वाटलं मुलगी दाखवायचा कार्यक्रम आहे, त्याने आधी पोहे आणले. दुसरा नियम असा की धबधब्याच्या ठिकाणी जाताना प्रत्येकाला लाइफ जॅकेट पाहिजे. साहेबांना कपिलधार बघायची होती. मी सांगितलं की दोन वर्षांपासून तिथे पाण्याचा थेंब नाही, पण पुस्तकात धबधब्याला सवलत नव्हती. चौघे परदेशी भगभगीत केशरी जॅकेटं घालून कोरड्या कड्याखाली उभे राहिले, आणि दर्शनाला आलेल्या बाया लांबून त्यांनाच नमस्कार करून गेल्या. ती जॅकेटं तेव्हापासून गाडीच्या मागच्या सीटवर पडून आहेत, कारण धोका टळल्याची नोंद मोठ्या साहेबांच्या सहीशिवाय होत नाही आणि मोठे साहेब परदेशात असतात. जॅकेटांचं पुन्हा येणार आहे, लक्षात असू द्या.

सगळ्यात अवघड काम होतं पाकिटांचं. संस्थेचा कोणी माणूस संकटात सापडला, कोणी पळवून नेला, तर तो जिवंत आहे हे ओळखायला त्याला एक प्रश्न विचारतात, आणि त्याचं उत्तर जगात फक्त त्यालाच ठाऊक असावं लागतं. प्रश्न आणि उत्तर कागदावर लिहून पाकिटात बंद करायचं. परदेशी चौघांनी दारं लावून पाच मिनिटांत लिहिलं. आमचे लोक व्हरांड्यात गोल करून बसले आणि लागले एकमेकांना विचारायला. जे फक्त मलाच ठाऊक आहे असं आमच्यापैकी कोणाकडे असणार? ड्रायव्हर बंकटने लिहिलं की पहिल्या बायकोने मला का सोडलं, तर आमच्यातल्याच चौघांनी एकदम उत्तर सांगितलं, आणि त्यातली दोन उत्तरं बंकटला नवीन होती. दुपारपर्यंत सगळ्यांची गुपितं सगळ्यांना पाठ झाली. गुप्त राहिलं ते एकच पाकीट, छबुबाईचं. तिला लिहिता येत नाही, म्हणून तिने कार्यालयातल्या शिवकन्येला कोपऱ्यात नेऊन कानात सांगितलं आणि लिहून घेतलं.

छबुबाई तुम्हाला माहीत आहे. तुमच्याच वाडीची, शाळेमागच्या वस्तीवरची. बावीस हंगाम ऊसतोडीला गेली. यंदा पहिल्यांदाच गावात राहिली, कारण आमच्या संस्थेने वाडीत पाण्याची टाकी बसवली आणि रांग लावायचं, वहीत नावं घ्यायचं काम तिला दिलं. (नावं लिहीत नाही, घरागणिक खुणा करते. दोनशे घरांच्या दोनशे खुणा तिच्या डोक्यात आहेत.) दिवाळीनंतर वाडीतून ट्रक भरून जात होते, तेव्हा ती टाकीपाशी उभी राहून सगळ्यांना हात करत होती. बंकट सांगतो, ती तेव्हा इतकी हसत होती की लोकांना वाटलं तिचं डोकं फिरलं.

आता पळण्याच्या योजनेबद्दल सांगतो. ही योजना मी स्वतः तयार केली आणि तिला बक्षीस म्हणून साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. धोका दिसला की अकरा मिनिटांत कर्मचारी गाडीत आणि गाडी औरंगाबादच्या रस्त्याला. कर्मचारी म्हणजे चौघे परदेशी. स्थानिक लोकांसाठी पुस्तकात एकच ओळ आहे, की त्यांनी आपापल्या सुरक्षित ठिकाणी थांबावं. नियम सगळ्यांना आणि गाडी चौघांना, हे मला तेव्हा खटकलं नाही. उलट वाटलं बरं आहे, यादी छोटी.

गेल्या बुधवारी आम्ही वाडीत होतो, तुम्ही नव्हता (अंघोळीला गेला असाल). सकाळपासून सगळे हंडे रांगेत होते. दूध संघाकडे दूध उरलं नाही म्हणून तुम्ही संघाचा टँकर आमच्या संस्थेला पाण्यासाठी दिला, त्याबद्दल पेपरात तुमचा फोटोही आला. तो टँकर साडेअकराला रस्त्यावर दिसला. बाया उभ्या राहिल्या. आणि टँकर वाडीकडे न येता उजवीकडे वळला आणि तुमच्या मोसंबीच्या बागेत शिरला. दाजी, तो ज्या फाटकातून आत गेला ते फाटक मी तेरा वर्षं रोज पुसलं आहे. डाव्या झडपेवरचा पोचा मीच एकदा सायकल धडकवून पाडला होता. वेल्डिंग छान झालं आहे.

टँकरवर संस्थेचं नाव लिहिलेलं, म्हणून लोक आमच्यावर आले. त्यांचं काही चुकलं नाही, तुम्ही समोर असता तर तुमच्यावर आले असते. एक हंडा येऊन गाडीच्या बॉनेटवर आदळला. रिकामा होता. मी शिट्टी मारली, योजना सुरू झाली, चौघांना गाडीत कोंबलं, बंकट चाकावर आणि मी त्याच्या शेजारी. मागच्या सीटवर एका माणसाची जागा होती, पण तिथे लाइफ जॅकेटं होती. छबुबाई वही छातीशी धरून गाडीपाशी आली आणि म्हणाली, "भाऊ, मी कुठं बसू?" मी काय म्हणालो ते मला रोज ऐकू येतं. मी म्हणालो, "तुमी हितल्याच की मावशी. तुमाला कोन काय करतंय?" आणि काच वर घेतली.

नऊ मिनिटं लागली. योजनेपेक्षा दोन कमी. औरंगाबादच्या हॉटेलातून मी वर कळवलं की चारपैकी चार सुरक्षित, आणि वरून अभिनंदन आलं. (मी आणि बंकट मोजणीत नव्हतो, पण गाडीत होतो.) इकडे आम्ही निघाल्यावर तासाभराने टँकर बागेतून निम्मा होऊन वाडीत आला तेव्हा सगळी वाडी त्याच्यावर तुटून पडली. छबुबाई मधे उभी राहून वहीतल्या क्रमाने पाणी द्या म्हणत होती. कोणी ढकललं कोणाला माहीत नाही. टाकीच्या ओट्यावरून ती खाली पडली, उजवा हात दोन ठिकाणी मोडला. डॉक्टर म्हणतात जुळेल, पण जड कामाला उपयोगाचा राहणार नाही. म्हणजे कोयताही गेला.

दुसऱ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यात गेलो. संस्थेच्या नियमाप्रमाणे फळांची करंडी नेली (त्यात मोसंबी होती, मी दारातच काढून टाकली). ती हाताबद्दल काही बोलली नाही. वाडीतल्या कोणत्या घराला त्या दिवशी पाणी मिळालं नाही ते सांगत राहिली, एकेक घर, क्रमाने. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाली, "हाताचं काय न्हाई, भाऊ. पर तुमी काच कावून वर केली? मी काय गाडीत घुसनार होते का?" मी बाहेर व्हरांड्यात येऊन रडलो, हे ताईला सांगू नका.

आणि आता तुमचं पत्र कार्यालयात आलं आहे, चेअरमनच्या लेटरपॅडवर. सदर महिलेने पाणीवाटपात पक्षपात केल्यामुळे जमाव प्रक्षुब्ध झाला, टँकर वेळेवर होता. खाली सही, शिक्का, आणि सहकारातून समृद्धी. वरच्या कार्यालयाला ते पत्र फार आवडलं, कारण आता धोक्याचं नाव सापडलं. छबुबाईला कामावरून काढायचं आणि वाडीतली टाकी उचलून न्यायची, असं ठरत आलं आहे. शुक्रवारी अकरा वाजता चौकशीला दिल्लीहून मॅडम येणार आहेत.

असो. पत्र लांबलं. तुमच्यासारख्या कामाच्या माणसाचा वेळ घेतला. गुडघ्याला तेल चोळत जा, ऊन फार आहे. ताईला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. बाग चांगली धरली आहे असं ऐकून आनंद झाला.

आपला,
गहिनीनाथ

ता. क. – मुद्दा राहूनच गेला. शुक्रवारी अकराला तुम्ही बीडच्या कार्यालयात यावं आणि टँकर बागेत वळवला होता एवढं एक वाक्य बोलावं. फाटकाचं नाही बोललात तरी चालेल. मी तुमच्याकडे आयुष्यात काही मागितलं नाही. पहाऱ्याची नोकरीसुद्धा ताईने मागितली होती. एका वाक्याने त्या बाईचं काम राहील आणि वाडीची टाकी राहील.

ता. क. २ – वरचं लिहून पत्र बंद करणार होतो, तेवढ्यात दिल्लीला छबुबाईचे कागद पाठवायचे म्हणून तिचं पाकीट उघडावं लागलं. त्या दिवशी ते उघडायची कोणाला गरज वाटली नव्हती, कारण ती हरवलेल्यांत नव्हती. पाकिटांचं समजावताना मीच सगळ्यांना म्हणालो होतो की संकटातून सोडवायला आपला माणूस येतो तेव्हा हे उघडतात. तिने ते तसंच घेतलं. शिवकन्येच्या अक्षरात प्रश्न आहे: मला न्यायला कोण येईल? आणि खाली उत्तर आहे: गहिनीभाऊ.

ता. क. ३ – वरची विनंती रद्द समजावी, तुमची अंघोळ चालू द्या. अहवाल आत्ताच देऊन आलो. पहिल्या ओळीत तुमचा टँकर आणि फाटक आहे, दुसऱ्या ओळीत माझी काच. जागेवर हजर कर्मचारी सात, सुरक्षित सहा. साहेब म्हणाले की नमुन्यात स्थानिकांचा रकाना नाही, तर मी पट्टी घेऊन पेनने आखून दिला. माझी नोकरी बहुतेक या महिन्यापुरतीच आहे. सूतगिरणीवरची पहाऱ्याची जागा अजून रिकामी असेल तर कळवावं. या वेळी मात्र मी यायच्या आधी फाटक परत लावून ठेवा.