फोडीवरचा पापुद्रा

२७ जाने., मंगळ.
आज चार मोसंबी. एकेका फोडीचा पापुद्रा काढून मामंजींना दिली. घशाच्या ऑपरेशननंतर चोथा अडकतो, ठसका लागतो. रस काढला तर, "मी काय तान्हं बाळ हाय? चावाया पायजे." भुकूम गावातला जो तो भेटायला येताना मोसंबीच आणतो. माझी रजा ८ ला संपते.

३० जाने., शुक्र.
बावधनच्या लॅबमध्ये हेच करते. फोडीवर मशीनचा दट्ट्या, किती जोराला फाटते ते लिहायचं. इथे मशीन म्हणजे माझी नखं. नवऱ्याला, नितीनला म्हटलं, जाऊबाई शिकतील.
"अगं, तुझाच विषय ना तो?"
एम.एस्सी. यासाठीच केलं बहुतेक! पुढची फोड सोलायला घेतली. बोलायला हवं होतं.

३ फेब्रु., मंगळ.
युक्ती! पापुद्र्याच्या पेशी पेक्टिनने चिकटलेल्या असतात. गरम पाण्यात चिमूट खायचा सोडा, फोडी मिनिटभर, मग गार पाण्यात चोळायच्या. पापुद्रा सुटला. जाऊबाईंनाही जमलं. नाचावंसं वाटलं.
मामंजींनी थुंकून टाकलं. "गिळगिळीत लागतंय."
खरंय. सोड्याने आतल्या रसाच्या पिशव्यांच्या भिंतीही सैल पडल्या. मग दाताखाली फुटणार काय?

४ फेब्रु., बुध.
सोडा निम्मा, वेळ निम्मा. आतला गर छान टणक राहिला. मामंजी, "बरं हाय. पर तुज्या हातचं न्हाई." जाऊबाई हसल्या. मला हसू येईना.

६ फेब्रु., शुक्र.
दळण घेऊन लवकर परतले. मामंजी पडवीत अख्ख्या फोडी पापुद्र्यासकट चावतायत. ठसका नाही की काही नाही. मला बघून हात थांबला.
"कधीपासून?"
"आठ-धा दिस झालं." मग खाली बघत, "तू सोलतीस तवा घडीभर बसतीस माज्यापाशी. घरात दुसरं कोन बसतंय?"
भयंकर राग आला. रडूही. आत जाऊन कपडे घड्या करत बसले.

८ फेब्रु., रवि.
उद्या हजर व्हायचंय. सकाळी चहाला नितीन म्हणाला, "आबा, आता साधं मोसंबं गिळता येईल का? नाहीतर हिला रजा वाढवावी लागेल."
मी सांगितलं तर म्हातारा सगळ्यांसमोर खोटा पडतो. नाही सांगितलं तर मी इथेच. वाट बघितली, ते स्वतः कबूल करतील म्हणून.
कप खाली ठेवून म्हणाले, "तिलाच इचार."
चार वाजले. अजून उत्तर दिलेलं नाही.