प्रार्थनेच्या वेळचं पाणी

आई, तुला जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या मुलांना तू ठाऊक आहेस ती नुसती गोष्टींतून, पवित्र शास्त्र काखेत धरून नगरकडच्या खेड्यापाड्यांत पायी हिंडणारी बायबलबाई म्हणून. मला मात्र तू आठवतेस ती पहाटेची. चुलीपासून जरा लांब, भिंतीकडे तोंड करून बसलेली, डोक्यावरून पदर, मांडीवर शास्त्र. तुझी प्रार्थना चालू असताना भांड्याला भांडं लागलेलं तुला खपत नसे. एकदा माझा अध्याय वाचायचा राहिला होता, म्हणून शाळेला निघता निघता मी तो उंबऱ्यात उभ्याउभ्याच वाचला, दप्तर खांद्याला लावून. तू बघितलंस. ओरडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "उरलेली भाकरी आपण कुत्र्याला घालतो. प्रभूला उरलेला वेळ घालू नकोस." चार मुलांची आई झाले, तरी ते वाक्य अजून माझ्या मागे मागे फिरतं.

कारण इथे नायगावच्या चाळीत माझ्याकडे उरलेलाच वेळ असतो, आणि तोही रोज उरतो असं नाही. पहाटे नळ येतो तेव्हा रांगेत नंबर चुकला तर दिवसभराचं पाणी चुकतं. मग यांचा डबा. हे परळला वर्कशॉपात फिटर आहेत. मग मुलांच्या शाळा, सासूबाईंचा दमा, रेशन, दळण. मी मॅट्रिक झालेली बाई, घरखर्चाची वही लिहिते, कशावर काय गेलं ते मला झोपेतून उठवलंस तरी सांगेन. दिवस कुठे गेला ते मात्र सांगता येत नाही. संध्याकाळी जेवणाआधी घरची उपासना व्हायची, तुझ्या घरच्यासारखी सगळ्यांनी मिळून. संयुक्त महाराष्ट्राचं सुरू झाल्यापासून हे कामावरून परस्पर सभेला जातात. मी म्हटलं, "उपासनेपुरतं तरी घरी या." तर म्हणाले, "मुंबई मिळू दे, मग रोज दोन अध्याय वाचीन." सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "आणि नाही मिळाली तर नास्तिक होणार का रे?" सगळे हसले, मीही हसले, आणि उपासना त्या दिवशीही राहिली. म्हणून मी माझी प्रार्थना तुकड्यातुकड्यांनी करते. मोरीत कपडे घासताना, कणीक तिंबताना. एक तुकडा आत्ता, एक मग. शास्त्र घेऊन बसायचं ते दुपारी, सासूबाईंचा डोळा लागला की, आणि तेव्हा माझाही लागतो.

मोर्चावर गोळीबार झाला त्या दिवशी दुपारपासून बातम्या येत होत्या. संध्याकाळी कर्फ्यू लागला. हे घरी पोचले होते. शेजारच्या खोलीत मालवणकडची बाई राहते, तिचे मालक गिरणीतून मोर्चाला गेले ते आलेच नव्हते. मी भाकऱ्या करत होते. ती दारात येऊन उभी राहिली.

"वैनी, आमचे अजून येवक नाय गो."

"येतील हो. अडकले असतील कुठेतरी."

"तू मोरीत बसान रोज काय तां पुटपुटतंस, तां आज मोठ्यान म्हण. तुझ्या देवाक सांग."

माझे हात पिठाचे. मनात आलं, हात धुवावेत, पदर घ्यावा, फळीवरचं शास्त्र काढून एखादं स्तोत्र शोधावं. पण ती चौकट घट्ट धरून उभी होती. मी तव्यासमोर बसूनच म्हणाले, "प्रभू, यांचे मालक बाहेर आहेत. रस्त्यावर गोळ्या चालल्यात. त्यांना घरी आण. आम्ही फार दमलोय." पुढे काही सुचेना. ती वाट बघत राहिली.

"इतक्याच?"

"हो."

"आमच्या देवळात गाऱ्हाणा घालतत तेवा केवढो येळ लागता!"

भाकरी करपली होती. सकाळी तिचे मालक आले. रात्र लालबागला कुणाच्या तरी खोलीत काढली होती, सदरा फाटलेला, बाकी धड होते. पलीकडच्या चाळीतला एक मुलगा मात्र आलाच नाही. त्याच्यासाठीही कुणीतरी मागितलंच असणार. म्हणून मी यात माझं काही मानत नाही.

पण ती मानते. तिने मजलाभर सांगितलं, आणि दुपारची भांडी झाली की बायका माझ्याकडे यायला लागल्या. कुणाच्या मुलीचं लग्न ठरत नाही, कुणाचा भाऊ तुरुंगात, कुणाला नुसतंच रडायचं असतं. मी प्रत्येकीचं दोन वाक्यांत प्रभूला सांगते. त्यांना ते फार हलकं वाटतं, म्हणून वजन त्या घालतात. गावी देवापुढे गाऱ्हाणं घालताना म्हणतात तसं माझ्या प्रत्येक वाक्यानंतर सगळ्या मिळून "व्हय म्हाराजा!" पहिल्या दिवशी सासूबाई ताडकन उठून बसल्या. "अगं, आमेन म्हणा, आमेन!"

"आमेन म्हंजे काय गो आये?"

"तसंच होवो."

"मगे व्हय म्हाराजा म्हंजे दुसरा काय?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे. आता खाटेवरून एक आमेन येतो आणि जमिनीवरून चारपाच व्हय म्हाराजा. हे म्हणाले, "दारावर पाटी लाव." मला हसायचंही त्राण नव्हतं, आई. माझी होती नव्हती ती दुपारही गेली. सगळ्यांचं सांगता सांगता माझं राहतं. एक अध्याय मी किती महिन्यांत सलग वाचलेला नाही.

परवा थोरली म्हणाली, "आई, पहाटे मला उठव. मी नळावर जाते, तू बस वाचत." मी "काही नको" म्हणाले, आणि म्हणताना माझा आवाज एवढा चढला की पोर गोंधळली. आवाज का चढला याचा दिवसभर विचार केला. आई, तुझ्या त्या पहाटेच्या वेळी विहिरीवर कोण जात होतं? तू भिंतीकडे तोंड करून बसलेली असायचीस तेव्हा तुझ्या पाठीमागे धाकट्याला कडेवर घेऊन, आवाज न करता, चूल कोण फुंकत होतं? तुझा तो वेळ उरलेला नव्हता हे खरं. तो माझ्यातून काढलेला होता. हे मी रागाने लिहीत नाही, राग यायलाही अंगात ताकद लागते. आणि रोज पहाटे तू माझं नाव घेऊन मागायचीस म्हणूनच मी आज विश्वासात आहे, हेही मला कळतं. पण माझ्या मुलीकडून मी तो वेळ घेणार नाही. मग माझी प्रार्थना तुकड्यांचीच राहील, आणि तुला ती कुत्र्याच्या भाकरीसारखी वाटली तर वाटू दे.

आज मालवणची शेजारीण आली आणि मला न विचारता माझे हंडे उचलले. "बायकांका सांगलंय, आज कोणी येवची नाय. आज दुपारचो पण नळ इलो हा, पाणी मी भरतंय. तू बस तुझ्या देवाकडे, तुझा सोताचा काय तां सांग." सासूबाई नणंदेकडे गेलेल्या, मुलं शाळेत. मी दार लोटून घेतलं, पदर घेतला, शास्त्र मांडीवर घेतलं. चाळीत इतकं शांत कधी नसतं. डोळे मिटले, आणि तोंडातून एक शब्द निघेना. बाहेर माझं पाणी दुसरीच कुणी भरत होती, आणि मी अगदी तुझ्यासारखी बसले होते. शेवटी कॅलेंडरचं जुनं पान काढलं, शास्त्रावर ठेवलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर तुला लिहायला लागले.

आत्ता दाराशी हंडा टेकल्याचा आवाज झाला. तिने बाहेरूनच विचारलं, "झाला गो सांगान?"

मी म्हणाले, "झालं."

देवाला काहीच सांगितलेलं नाही, आई. सगळं तुलाच सांगितलं.